सायरन वाजला, आता बोलणार कोण?

कॉलेजातलं मॉक ड्रिल आठवतंय? बेल वाजते, सगळे खिदळत जिन्यावरून खाली येतात. कुणी रील काढतं, कुणी कँटीनच्या दिशेनं कलटी मारतं आणि बाकीच्यांची मैदानात चर्चा रंगते, पुढचं लेक्चर होणार की बुडणार? दहा मिनिटांत खेळ खल्लास. यात नवल काहीच नाही. गेटबाहेर रस्ता असतो, रस्त्यावर रिक्षा असते, गावात अग्निशमन दल असतं. काही बिनसलंच तर कुणीतरी येईल, याची आपल्याला मनातून पक्की खात्री असते.

आता ती खात्री तेवढी काढून टाका.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला भर समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगनं इथं तेल शोधलं आणि १९७६पासून उत्पादन सुरू झालं. लोखंडी पायांवर उभे असलेले प्लॅटफॉर्म, एकमेकांना पुलांनी जोडलेले. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, १४ दिवस काम करायचं, १४ दिवस घरी. पायाखाली लोखंडी जाळी, जाळीखाली समुद्र आणि आजूबाजूच्या पाइपांमधून दाबाखाली वाहणारा गॅस. इथं आग लागली तर बंब कुठून येणार? बंब म्हणजे तुम्हीच. दिवसा वेल्डिंग करणारा दादा, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले काका, तुमच्यासारखा नवा इंजिनीअर, अगदी भटारखान्यातला कुकसुद्धा. प्रत्येकाला आणीबाणीतली एक ठरलेली भूमिका असते आणि ती भूमिका अंगात भिनावी म्हणून ड्रिल पुन्हा पुन्हा होतं.

समजा, तुम्ही तिथे आहात. वय २३. नोकरीचा चौथा महिना. रात्री अडीचला सायरन वाजतो. लाइफजॅकेट घालून तुम्ही ठरलेल्या जागी पोहोचता. तिथला प्रमुख वॉकीटॉकी हातात घेणार, तेवढ्यात ड्रिल घेणारा अधिकारी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, तुम्ही आता बेशुद्ध आहात. खाली बसा.”

तीसेक माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. यादीत त्या प्रमुखाच्या खाली पर्यायी म्हणून ज्याचं नाव आहे, तो सुट्टीवर गेलाय. त्याच्या जागी गेल्या आठवड्यात लिहिलं गेलेलं नाव तुमचं आहे.

आता?

मस्टर आहे, प्रॉक्सी नाही

जमण्याच्या त्या जागेला म्हणतात मस्टर स्टेशन. मस्टर म्हणजे हजेरी, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. कॉलेजात मस्टरवर प्रॉक्सी लागते. “सर, आहे तो, पाणी प्यायला गेलाय,” असं म्हणून आपण मित्राची अटेंडन्स वाचवतो. प्लॅटफॉर्मवर हेच वाक्य जीवघेणं आहे.

कारण तिथलं पहिलं काम असतं ते मोजण्याचं. आज प्लॅटफॉर्मवर एकूण माणसं किती, याचा आकडा कंट्रोल रूमकडे कायम तयार असतो. मस्टर स्टेशनवर बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाच्या नावाचं कार्ड असतं. आलात की कार्ड फिरवायचं किंवा दुसऱ्या खाच्यात घालायचं. ज्यांची कार्डं तशीच राहिली, ते बेपत्ता. मित्राचं कार्ड तुम्ही फिरवलंत आणि तो धुरात अडकलेला असेल, तर त्याला शोधायला कुणीच जाणार नाही. उलट, तो बाथरूममध्ये कानात हेडफोन घालून बसला असेल आणि हजेरीत नसेल, तर त्याला शोधायला दोन माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर लावून आगीत शिरतील. दोन्ही बाजूंनी जीव टांगणीला. म्हणून ड्रिलमध्ये चार्ज घेणाऱ्याचं पहिलं वाक्य शौर्याचं नसतं. ते बेरजेचं असतं. एकूण ३२, हजर ३०, नावं ही दोन नाहीत, शेवटची दिसली अमुक ठिकाणी.

सगळे वाट बघत राहिले

बेरीज झाली. मग निर्णय कोण घेणार? या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळे काय होतं, ते जगानं ६ जुलै १९८८च्या रात्री पाहिलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा प्लॅटफॉर्म होता. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. रात्रपाळीला ते नीट कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. गॅस सुटला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. आग विझवायचे पंप आपोआप सुरू होणार नाहीत, असे ठेवलेले होते, कारण त्या काळात पाणबुडे समुद्रात काम करत आणि पंपाच्या ओढीनं त्यांच्या जिवाला धोका होऊ नये, अशी काळजी त्यामागे होती.

कंट्रोल रूम पहिल्याच स्फोटात निकामी झाली. बरीच माणसं सराव केल्याप्रमाणे राहण्याच्या इमारतीत जमली आणि थांबली. हेलिकॉप्टर येईल, कुणीतरी स्पीकरवरून सांगेल, याची वाट बघत. धुरामुळे हेलिकॉप्टर उतरूच शकत नव्हतं. स्पीकरवरून कुणी काही सांगितलं नाही. प्लॅटफॉर्मचा प्रमुख होता, पण त्याच्याकडून स्पष्ट आदेश आलाच नाही. जे वाचले, त्यातले बरेच जण वाट बघायचं सोडून आपापल्या हिमतीवर दोरांवरून उतरले किंवा उंचावरून थेट समुद्रात उडी मारून निघाले. त्या रात्री १६७ माणसं गेली. त्यात मदतीला आलेल्या बोटीवरचे दोघेही होते. ६१ जण वाचले.

आणखी एक गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, ‘टार्टन’ आणि ‘क्लेमोर’, पाइपलाइननं पायपर अल्फाला जोडलेले होते. समोर आग दिसत असूनही तिथलं उत्पादन लगेच थांबलं नाही. थांबवण्याचा निर्णय घ्यायला तिथले प्रमुख धजावले नाहीत. ‘वरून विचारल्याशिवाय कसं बंद करायचं?’ हा विचार आपल्याला अनोळखी आहे का? आपल्या घरात, कॉलेजात, ऑफिसात तोच तर चालतो.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालानं १९९०मध्ये १०६ शिफारशी केल्या. यंत्रं, व्हॉल्व्ह, भिंती, कागदपत्रं हे सगळं त्यात होतंच. पण तुमच्या कामाची शिफारस वेगळीच आहे. प्लॅटफॉर्मचा प्रमुख निवडताना आणीबाणीत त्याला नेतृत्व करता येतं का, हे बघा, असं त्यात सांगितलं होतं. आणि त्याला निर्णय घेण्याचा सराव द्या, प्लॅटफॉर्म सोडायचा की नाही या निर्णयाचासुद्धा. फक्त त्यालाच नाही, त्याच्या पर्यायी माणसालाही. म्हणजे शिड्या कशा उतरायच्या याच्या जोडीला ‘कोण ठरवणार’ हेसुद्धा ड्रिलचा विषय झालं.

दोन बॉस आणि २३ वर्षांची मुलगी

बॉस नसणं वाईट. बॉस दोन असणंही तितकंच वाईट. २० एप्रिल २०१०ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. १२६ जण होते, त्यातले ११ गेले. या रिगवर नियम असा की, ती विहिरीला जोडलेली असताना एक प्रमुख, प्रवासात असताना किंवा आणीबाणीत जहाजाचा कॅप्टन. कागदावर ठीक. पण त्या रात्री ‘आत्ता नक्की कुणाचं चालतं?’ यावरच गोंधळ उडाला. विहिरीपासून रिग तोडणारं बटण दाबायला परवानगी कुणाची, असा प्रश्न त्या क्षणी पडला होता. तिथे दर आठवड्याला ड्रिल होत होतं बरं का! पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सगळ्यांना पाठ. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असावा तसं.

त्या रिगच्या ब्रिजवर २३ वर्षांची एक मुलगी ड्यूटीवर होती. रिगला समुद्रात जागेवर स्थिर ठेवणारी यंत्रणा सांभाळणं, हे तिचं काम. मदतीची हाक अजून कुणीच दिलेली नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं रेडिओ उचलला आणि ‘मेडे’ दिला. त्यावर कॅप्टननं तिला सुनावलं, हा अधिकार तुला कुणी दिला? ही हकीकत नंतर अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आली. शेजारी उभ्या असलेल्या ‘डेमन बँकस्टन’ या जहाजानं ११५ जणांना वर घेतलं.

ती मुलगी सुपरहिरो होती, असं म्हणायचं नाही. तिलाही सुरुवातीला समोरच्या पॅनलवर एकदम पेटलेले इतके दिवे समजून घ्यायला वेळ लागला होता. पण ‘हे काम कुणाचंतरी आहे, कुणीच करत नाहीये, मग मी करते’ हे तिला कळलं. चार्ज घेणं म्हणजे दरवेळी सगळ्यांचा साहेब होणं नव्हे. रिकामी पडलेली एक जागा भरणं, हाही चार्जच.

आपल्या समुद्रात

आता पुन्हा मुंबई हाय. २६ जुलै २००५ तुम्हाला माहीत आहे, निदान घरच्यांकडून ऐकलेलं. त्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या कुकच्या बोटांना जखम झाली होती. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणून त्याला क्रेननं वर घेतलं. उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपला धडकलं. गळती, आग आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात. एकूण ३८४ जणांपैकी ३६२ जणांना नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी वाचवलं. २२ जण गेले. जहाजावरच्या दाबकक्षात अडकलेले सहा पाणबुडे तब्बल दीड दिवसानं बाहेर आले.

ड्रिलच्या दृष्टीनं यातला एक तपशील लक्षात ठेवा. त्या संकुलावरच्या आठ लाइफबोटींपैकी फक्त दोन पाण्यात उतरवता आल्या. म्हणजे ‘मी बोट नंबर तीनवाला’ असं आयुष्यभर पाठ केलेल्या माणसाला ऐन वेळी बोट नंबर तीनच नाही! म्हणून चांगलं ड्रिल तेच, ज्यात मध्येच कुणीतरी येऊन सांगतं, “हा जिना बंद. ही बोट गेली. हा माणूस बेशुद्ध.” मग माणसाला पाठ केलेल्या उत्तराबाहेर जाऊन विचार करावा लागतो.

चार्ज घ्यायचा म्हणजे करायचं काय?

चला, परत रात्री अडीचला. प्रमुख ‘बेशुद्ध’, तीस माणसं तुमच्याकडे बघतायत.

एक, मोठ्यानं जाहीर करा. “प्रमुख जखमी आहेत. मस्टर दोनचा चार्ज माझ्याकडे.” नाव सांगा. हेच वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला सांगा आणि शेजारच्याला वेळ लिहून ठेवायला सांगा. हे वाक्य म्हणताना आवाज कापेल. कापू दे. मनातल्या मनात घेतलेला चार्ज कुणालाच दिसत नाही.

दोन, ‘कुणीतरी’ हा शब्द विसरा. “कुणीतरी जाऊन स्ट्रेचर आणा,” म्हटलं की तीस जण एकमेकांकडे बघतात आणि स्ट्रेचर तिथेच राहतं. बोट दाखवा, माणूस निवडा. “क्रेनवाले काका, तुम्ही आणि हे दोघं. स्ट्रेचर. जिन्याच्या डावीकडून. काय करणार, मला परत सांगा.” त्यांनी परत सांगितलं, की काम पोहोचलं.

तीन, ‘काका’ म्हणायला लाजू नका. आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. पन्नाशीच्या माणसाला तेविशीच्या पोरानं हुकूम कसा द्यायचा? ‘अहो’ तसंच ठेवा, सूचना मात्र गुळमुळीत नको. “काका, जरा बघता का, जमलं तर...” यात आदर असेल, पण काम नाही. “काका, तुम्ही स्ट्रेचर आणा” यात आदरही आहे आणि कामही. भाषेचंही तेच. प्लॅटफॉर्मवर केरळपासून आसामपर्यंतची माणसं असतात. मराठीचा अभिमान डेकवर जेवताना, आणीबाणीत सगळ्यांना कळेल ती साधी हिंदी.

चार, दर काही मिनिटांनी थांबा. अक्षरशः हात वर करून सगळ्यांना गप्प करा आणि तीन गोष्टी सांगा. काय माहीत आहे, काय माहीत नाही, पुढे काय करतोय. धावपळीत हे वेळ घालवल्यासारखं वाटतं. पण दोन टोळ्या एकाच माणसाला शोधताहेत आणि दुसऱ्याला कुणीच नाही, असले घोळ याच अर्ध्या मिनिटात उघडे पडतात.

पाच, सगळ्यात अवघड. दोन माणसं बेपत्ता. फायर टीमचा दादा म्हणतो, “मी एकटा जातो आत, माझा मित्र आहे तो.” तुम्ही काय म्हणाल? ड्रिलमध्ये हे ‘नाही’ म्हणायला शिका. जोडीशिवाय नाही, आत शिरल्याची वेळ लिहिल्याशिवाय नाही, परत येण्याची वेळ ठरल्याशिवाय नाही. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा मोजकी असते आणि धापा टाकणारा माणूस ती भराभर संपवतो. दयेपोटी तुम्ही त्याला एकट्याला सोडलंत, तर पुढच्या मोजणीत बेपत्ता दोनाचे तीन होतात.

सहा, खरा प्रमुख किंवा वरिष्ठ आला की चार्ज परत द्या. तेही मोठ्यानं. “३२पैकी ३१ हजर. एक बेपत्ता, पंप रूमजवळ. दोघं आत आहेत, २:५२ला शिरले. चार्ज तुमच्याकडे.” त्यानंतर बाजूला होऊन दिलेलं काम करा. चार्ज सोडता येणं हे चार्ज घेण्याइतकंच शिकावं लागतं.

आणि एक अधिकार सगळ्यांचा, अगदी काल आलेल्या पोराचाही. कुणाला खरंच लागलं, काही खरंच बिघडलं, तर “ड्रिल थांबवा!” म्हणून ओरडायचं. जगभरात लाइफबोटींच्या सरावातच खलाशांचे जीव गेल्याच्या घटना आहेत. सरावासाठी कुणाचा जीव जायची गरज नाही.

ड्रिल संपल्यावरचं ड्रिल

सगळे कंटाळलेले, झोपाळलेले, चहाची वाट बघतायत. ‘छान झालं, सही करा’ म्हणून कागद फिरवला की काम संपलं, असं वाटतं. खरं शिक्षण इथेच असतं. बसा, आणि सगळ्यात ज्युनिअर माणसाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं मत आपोआप ‘साहेब म्हणतात तसंच’ होतं. ‘चूक कुणाची’ यापेक्षा ‘त्या क्षणी तुला काय माहीत होतं?’ हा प्रश्न विचारा. उत्तरात कळतं की स्पीकर त्या कोपऱ्यात ऐकूच येत नाही, कार्डांचा बोर्ड अंधारात दिसत नाही, किंवा पर्यायी माणसाला आपण पर्यायी आहोत हेच माहीत नाही.

हे सगळं शिकायची सोय आपल्या शेजारीच आहे. गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं सागरी बचाव प्रशिक्षण केंद्र फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालं. समुद्रात उतरलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं, हे अशा केंद्रांत शिकवतात. नकली केबिन पाण्यात बुडवतात आणि उलटीही करतात. तुम्ही आत, पट्ट्यानं बांधलेले. अंतःप्रेरणा म्हणते, पट्टा तोडा आणि पळा. प्रशिक्षण सांगतं, एक हात खिडकीजवळच्या खुणेवर घट्ट, केबिन फिरायची थांबेपर्यंत थांबा, वाट मोकळी करा, आणि मगच पट्टा. आधी पट्टा सोडलात, तर पाण्यात वर कुठे, खाली कुठे, हेच कळत नाही. घाबरलेल्या माणसाला एक पक्की खूण लागते. हेलिकॉप्टरमध्ये ती खिडकी असते. मस्टर स्टेशनवर ती खूण म्हणजे स्पष्ट आवाजात बोलणारा एक माणूस.

तुमच्यातले सगळे काही समुद्रात जाणार नाहीत. पण काही जण खाणीत, धरणाच्या पॉवरहाऊसमध्ये, पवनचक्क्यांच्या माळावर, जहाजावर, जंगलातल्या संशोधन कॅम्पवर जातील. बाकीचे या पावसाळ्यात ट्रेकला तर नक्की जातील. सह्याद्रीतल्या घळीत रेंज नसते, रस्ता नसतो आणि मदत यायला तास लागतात. म्हणजे तुमचं रिमोट वर्कप्लेस शनिवारीच सुरू होतं!

तेव्हा एक छोटं काम करा. ट्रेकला निघण्याआधी, हॉस्टेलच्या पुढच्या फायर ड्रिलला, गॅदरिंगच्या स्टेजमागे, कुठेही, एकच प्रश्न मोठ्यानं विचारा, “लीडरला काही झालं, तर पुढे कोण?” बहुतेक वेळा आधी हसू येईल, मग शांतता पसरेल. त्या शांततेत एक नाव ठरवा. त्या नावाच्या माणसाला ते सांगा. आणि त्याच्यानंतर कोण, तेही ठरवून टाका.